मिट्ट काळोखात राहायचं तर एवढं चमकायचं कशाला? (एल्व्हिस किडा)

रात्रपाळी
सलग तिसरा आठवडा नाइट चालू आहे. रात्री दोन ते पाच पॅनेलसमोर बसून आकडे बघायचे, अलार्म आला तर उठायचं, नाही आला तर डोळे उघडे ठेवायचे, म्हणून बाजूला मोबाईलवर खोल समुद्रातल्या डाइव्ह लावून ठेवतो. श्मिट ओशन इन्स्टिट्यूटवाले सुबास्टियन नावाचा रोबो खाली सोडतात आणि थेट दाखवतात, जुन्या क्लिपाही असतात. परवा त्यात एक किडा बघितला आणि झोपच उडाली. पाठीवर एकावर एक खवले, मंगलोरी कौलं बसवल्यासारखे, आणि रंग म्हणाल तर गुलाबी-निळा, टिकल्यांच्या ब्लाउजसारखा लकाकणारा. त्यातले दोन समोरासमोर येऊन चक्क उड्या मारत मारामारी करत होते. शोधलं तर कळलं की याला एल्व्हिस किडा म्हणतात, एल्व्हिस प्रेस्लीच्या चमचमत्या जाकिटावरून. जागा ३७०० मीटर खोल. तिथे सूर्यप्रकाश शून्य. आणि या किड्याला डोळेच नाहीत!

माझा साधा प्रश्न आहे. बघणारा कोणी नाही, याला स्वतःला दिसत नाही, मग हा थाट कोणासाठी? माझं मत असं की निसर्ग फुकट काही देत नाही, काहीतरी उपयोग असणारच. जाणकारांनी सांगावं.

चकली९९
लग्नाच्या हॉलमध्ये लाइट जातात तेव्हा आमच्या आत्याबाईंना विचारा, थाट कोणासाठी असतो ते :)

ठाणेकर
पहिला नंबर हुकला. बाकी धागा वाचतोय.

बंड्या_मालवणी
खावक बरो लागता काय?

शिंपली
रात्रपाळी, छान विषय काढलात. पण आधी एक दुरुस्ती, तुमची जरा सरमिसळ झालीये. या गटाचं नाव पेनालिओपॉलिनोई. २०२० मध्ये झूकीज नावाच्या जर्नलमध्ये एव्हरी हॅच, ग्रेग राउस आणि मंडळींनी या गटातल्या चार नव्या जाती एकदम जाहीर केल्या: एल्व्हिसी, गॉफ्रेडी, मिनिओई आणि ऑर्फनी. एल्व्हिसचं नाव अधिकृतपणे मिळालं ते एल्व्हिसी या जातीला, ती गुलाबी-सोनेरी, आणि तिचा पत्ता कॅलिफोर्नियाजवळची माँटेरे घळ. तुम्ही जे मारामारी करणारे बघितले ते ऑर्फनी, मेक्सिकोच्या बाजूला कॅलिफोर्नियाच्या आखातात पेस्काडेरो खोऱ्यात गरम पाण्याची विवरं आहेत तिथले. व्हिक्टोरिया ऑर्फन या कॅलटेकच्या शास्त्रज्ञ बाईंवरून ते नाव ठेवलंय. टोपणनावाने मात्र चौघांनाही एल्व्हिसच म्हणतात, त्यामुळे तुमचा दोष नाही.

हे सगळे पॉलिनोइडी घराण्यातले, म्हणजे खवलेवाले समुद्री कृमी. यांचे गरीब नातेवाईक आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही आहेत बरं का. संध्याकाळी सविस्तर लिहिते, आत्ता डबा भरायचाय.

रात्रपाळी
म्हणजे मी दोन दिवस ज्याला एल्व्हिस म्हणून सगळ्यांना फॉरवर्ड करत होतो तो एल्व्हिसचा चुलतभाऊ निघाला. असो. वाट बघतो ताई.

मास्तर
दहावीच्या पुस्तकातला वलयी प्राणीसंघ आठवा मंडळी. गांडूळ, जळू आणि नेरीस. परीक्षेपुरते तीनच प्राणी पाठ करून आम्ही मुलांना पुढे ढकलतो, पण या संघातली निम्म्याहून जास्त गंमत समुद्रात आहे. आणि कृपा करून याला किडा म्हणू नका. किडा म्हटलं की मुलं कीटक समजतात आणि मग सहा पाय मोजायला लागतात.

ठाणेकर
सर मग मराठीत म्हणायचं काय? कृमी म्हटलं की पोटातले जंत आठवतात, अळी म्हटलं की कोबीतली.

चकली९९
खवल्या. चिपळूणकडे खवल्या मांजर, समुद्रात नुसता खवल्या. विषय संपला.

मास्तर
खवल्या चालेल. उत्तम आहे खरं तर.

खडूसकाका
नाव ठेवून झालं असेल तर मूळ प्रश्नाकडे या. रात्रपाळी यांचं गृहीतकच मला मान्य नाही. 'निसर्ग फुकट काही देत नाही' हे वाक्य रिक्षाच्या मागे शोभतं. प्रत्येक गोष्टीला उपयोग असतोच असं कोणी सांगितलं? तुमचं रक्त लाल आहे ते कोणाला दाखवायला? ते हिमोग्लोबिनमुळे लाल आहे, बस. आतल्या आत वाहतंय, कोणी बघत नाही, बघायची वेळ आली तर आपण १०८ ला फोन लावतो.

रात्रपाळी
काका, रक्त ठीक आहे हो, पण हा नुसता रंग नाहीये, चमक आहे. कोन बदलला की रंग बदलतो. अशी चमक म्हणजे कारागिरी वाटते.

येवलेकर
कोन बदलला की रंग बदलतो, म्हणजे आमची धूपछाँव पैठणी!

शिंपली
येवलेकर, दिसायला तशीच, पण आतली भानगड वेगळी. तुमच्याकडे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो ना?

येवलेकर
बरोबर. समजा ताणा हिरवा आणि बाणा लाल. आडवं बघितलं की एक पुढे येतो, पदर फिरवला की दुसरा. आमच्या घरात माग होता, आजोबा सांगायचे की गिऱ्हाइकाला साडी कधी सपाट ठेवून दाखवायची नाही, दारात उजेडाला नेऊन हातावर घ्यायची आणि मनगट वळवायचं. दोन्ही रंग रंगवलेलेच असतात, पाण्यात रंग सुटला तर दोन्ही सुटतात.

शिंपली
हेच तर. खवल्याच्या पाठीवर रंगवलेलं असं काही नाही. खवला म्हणजे पातळ पातळ थरांचा ढीग. एका थरावरून परतलेला प्रकाश आणि खालच्या थरावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात, काही रंग एकमेकांना मारतात, काही जोर धरतात, आणि कुठला रंग जिंकणार ते थरांच्या जाडीवर ठरतं. साबणाच्या फुग्याला रंग कोण लावतं? पावसाळ्यात पेट्रोल पंपाबाहेरच्या डबक्यावर इंद्रधनुष्य दिसतं तसंच. मोराचं पीसही याच जातीचं. पीस खलबत्त्यात कुटलंत तर मोरपंखी पूड मिळणार नाही, मातकट तपकिरी भुकटी मिळेल. (कुटू नका.)

आता माझा अनुभव, कबूल केल्याप्रमाणे. एमएस्सीला असताना रत्नागिरीजवळ अमावस्येच्या उधाणाची ओहोटी गाठून आम्ही खडकात उतरायचो. हातात पक्कड, बाटल्या, पायात त्या निळ्या पट्ट्याच्या स्लिपर ज्या हमखास तुटतात. एक दगड उलटला तर खाली चपटी, करडी, पेरभर लांबीची वस्तू चिकटलेली. मला वाटलं दगडाचाच पापुद्रा. बोट लावलं तर चालायला लागली, दोन्ही बाजूंनी केसांसारखे राठ ब्रशचे झुपके हलवत. मी हौसेने चिमटीत धरली आणि दोन सेकंदांत चिमटीत नुसते खवले! प्राणी खाली पडून कपारीत गायब, माझ्या अंगठ्यावर तीन गोल पारदर्शक चकत्या, ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या. पालीची शेपटी तशी यांचे खवले, संकट आलं की टाकून द्यायचे, पुन्हा येतात. काही जातींचे तर टाकलेले खवले अंधारात उजळतात म्हणे, म्हणजे शत्रू त्या दिव्याकडे बघत बसतो आणि हा पसार. सर जर्नल तपासताना म्हणाले 'नमुना कुठाय', मी बाटलीतले तीन खवले दाखवले. मार्क अर्धे मिळाले.

बंड्या_मालवणी
ह्यो प्राणी माका ठावक आसा! कालवां काढताना दगडाखाली गावता. आमी काय बघूक नाय कधी, भिरकावन दितो. त्येचो एवढो इतिहास आसात असा वाटला नव्हता.

रात्रपाळी
ताई कमाल लिहिलंय. पण खवले जर चिलखत असतील तर मग टाकून कशाला द्यायचे? आणि उजळणारे खवले असतात म्हणताय म्हणजे खाली उजेड असतो की! मग माझा मुद्दा पुन्हा उभा राहिला.

खडूसकाका
उभा राहिला खरा, पण लंगडत. खोल समुद्रात प्राणी स्वतःचा उजेड पाडतात हे मान्य. तो बहुतेक निळसर असतो. त्या उजेडात गुलाबी कसं दिसणार? गुलाबी दिसायला लाल हवा, आणि सूर्याचा लाल तर वरच्या काही मीटरातच पाण्यात जिरतो. हजार मीटरच्या खाली सूर्याचा काही संबंधच उरत नाही. तुम्ही जो गुलाबी बघितलात तो रोबोच्या पांढऱ्या दिव्याने केलाय. दिवा लागला तेव्हा गुलाबी झाला, दिवा विझला की गुलाबी संपला. त्याआधी तिथे नुसते थर होते.

ठाणेकर
काका आज फॉर्मात आहेत.

येवलेकर
काकांचं वाक्य आजोबांना ऐकवायला हवं होतं. दारात नेल्याशिवाय साडीला रंग नाही.

पॅसिफिककाठ
इथे सॅन दिएगोहून लिहितेय. हॅच आणि राउस दोघंही इथल्याच स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे, म्हणून जरा शेजारधर्म. एल्व्हिसी जिथे सापडला ती जागा सांगते, कारण ती मला खवल्यापेक्षा जास्त भन्नाट वाटते. तो राहतो मेलेल्या देवमाशावर. देवमासा मरून तळाला गेला की आधी मांस खाणारे येतात, शार्क, हॅगफिश वगैरे. मग उरतात हाडं, आणि देवमाशाची हाडं तेलाने गच्च भरलेली असतात. ते तेल जिवाणू कुजवतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास, आणि त्या वायूवर जगणारे दुसरे जिवाणू येतात, मग त्यांच्या भरवशावर शिंपले, कृमी, गोगलगायी. सूर्याशी थेट व्यवहार न ठेवता अख्खं गाव वर्षानुवर्षं चालतं. १९८७ मध्ये ॲल्विन पाणबुडीला सांता कॅटालिना खोऱ्यात १२४० मीटरवर असा सांगाडा योगायोगाने सापडला. तिथे मिळालेल्या खवल्याला पुढे १९९३ मध्ये सांताकॅटालिना हेच नाव पडलं, तो याच गटातला.

माँटेरे घळीत २००२ मध्ये २८९१ मीटरवर आणखी एक सांगाडा मिळाला, त्यातून हाडं पोखरणारा ओसेडॅक्स कृमी जगाला कळला. त्या शोधातही राउस आणि गॉफ्रेडी होतेच. गॉफ्रेडीबाईंचं नाव मग एका खवल्याला मिळालं. माणसं नावं देऊन परतफेड करतात ते मला आवडतं.

चकली९९
आमच्याकडे परतफेड म्हणून डब्यात साखर घालून देतात. तुमच्याकडे कृमी.

बंड्या_मालवणी
देवमासो मेलो की आमच्याकडे वास सुटता आणि पंचायत धावता. दोन हजार तेवीसच्या दिवाळीत गणपतीपुळ्याक एक पिल्लू इलेला, लोकांनी टग लावन खोल पाण्यात न्हेल्यानी, तरी मेला बिचाऱ्या. आता हो धागो वाचून वाटता, असलां मढां खोल तळाक गेला तर थयसर कोणाचोतरी गणपतीच झालो आसतो.

पॅसिफिककाठ
बंड्याभाऊ, अगदी. सगळ्या नैवेद्यासकट.

मास्तर
पेनालिओ म्हणजे काय?

शिंपली
ग्रीकमधला शब्द आहे सर, भुकेला. १९८८ साली देब्रुयेर आणि लोबिए या फ्रेंच जोडीने गट स्थापन केला, अटलांटिकच्या तळाशी सेंद्रिय अवशेषांवर मिळालेल्या सिलार्डी या जातीवरून. म्हणून 'भुकेला पॉलिनोई'. २०२० च्या लेखाचं नावच 'भुकेले खवले कृमी' अशा अर्थाचं आहे.

चकली९९
भुकेला, आंधळा, भांडखोर आणि अंगावर जरीचं जाकीट. हा आमच्या हॉस्टेलचा रूममेट आहे.

ठाणेकर
एल्व्हिस कशाला, आपल्याकडचा एल्व्हिस म्हणजे शम्मी कपूर. याहू किडा म्हणा.

मास्तर
किडा नाही.

ठाणेकर
याहू खवल्या. सॉरी सर.

धुळेकर
मी एक फोटो बघितलाय, सोनेरी केसांचा, भयानक जबडा, परग्रहावरचा राक्षस वाटतो. तो हाच का?

शिंपली
नाही, तो युलॅजिस्का जायगँटिया, अंटार्क्टिकाकडचा, मन्रो यांनी १९३९ मध्ये वर्णन केलेला. घराणं तेच. वीसेक सेंटिमीटर भरतो. आणि फोटोत तुम्हाला जे डोकं वाटतं ते डोकं नाहीच, तो घसा आहे. ही मंडळी खाताना घसा मोज्यासारखा उलटा करून तोंडाबाहेर काढतात आणि त्याच्या टोकाला जबडे असतात, दोन जोड्या. खरं डोकं त्या घशाच्या वर कुठेतरी एवढंसं असतं. म्हणजे माणसाचा घसा बाहेर लोंबतोय असा फोटो काढून 'बघा याचं डोकं' म्हणण्यातला प्रकार.

आणि रात्रपाळी, तुमच्या क्लिपमधली मारामारी याच हत्याराने होते. समोरासमोर येतात, उड्या मारतात आणि झटक्यात घसा बाहेर काढून समोरच्याच्या खवल्याचा लचका तोडतात. गंमत म्हणजे पकडून आणलेल्या नमुन्यांच्या खवल्यांवर कुरतडल्यासारख्या खाचा होत्या, त्या कशाच्या ते ती झुंज कॅमेऱ्यात दिसल्यावर उलगडलं.

तुमचा दुसरा प्रश्न, चिलखत टाकायचं कशाला. किनाऱ्यावरचे पातळ खवलेवाले टाकतात, त्यांना पळायला कपार असते. ऑर्फनीकडे बघून मला वाटतं तिथे हिशोब उलटा असावा. रोज कोणीतरी लचका तोडायला टपलेलं असेल तर खवला जाड हवा. जाड म्हणजे थर जास्त, थर जास्त म्हणजे चमक जास्त. चमक ही चिलखतासोबत आलेली वस्तू. हे माझं मत, सगळ्यांनी मानावं असं नाही.

खडूसकाका
मी मानलं. धाग्याच्या इतिहासात नोंद करा.

गोंयकार_नानू
उशिरा आलो. हे सगळं मेक्सिको-कॅलिफोर्निया चाललंय, पण आपला हिंदी महासागरही रिकामा नाही हां. मध्य हिंदी महासागराच्या डोंगररांगेवर गरम पाण्याची विवरं आहेत, तिथे पायावर लोखंडी खवले असलेली गोगलगाय सापडली २००१ मध्ये, आणि खवले कृमीही आहेत. मी दोनापावलाजवळ राहतो, एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, समोरच, १९६६ पासूनची. लहानपणी शाळेची सहल न्यायचे, तिथे टेबलावर काळे बटाट्यासारखे दगड ठेवलेले असायचे, हातात घ्यायला द्यायचे, वजन वाटायचं त्यापेक्षा कमी. बहुधात्विक गोटे, म्हणजे कोबाल्ट-निकेलसारखे धातू असलेले. गवेषणी जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला पहिला गोटा वर काढला म्हणून सर छाती फुगवून सांगायचे. आज त्याच गोट्यांसाठी मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आपल्याकडे आहे, आणि २०२१ मध्ये ४०७७ कोटींचं डीप ओशन मिशन मंजूर झालं, त्यात मत्स्य ६००० पाणबुडीतून तीन माणसं सहा हजार मीटर खाली जायची आहेत.

पॅसिफिककाठ
नानू, त्या गोट्यांवर आणि आजूबाजूच्या चिखलातही खवले कृमी राहतात, पॅसिफिकमधल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यातून नव्या नव्या जाती निघतायत. गोटा वाढायला लाखो वर्षं लागतात. तो उचलला की वरचं बिऱ्हाड गेलं.

गोंयकार_नानू
ताई, कोबाल्ट-निकेल लागणारच ना, तुम्ही आम्ही टाइप करतो त्या फोनमध्येच आहे. जमिनीवरच्या खाणींनी गोव्याचं काय केलं ते आम्ही बघितलंय, पावसात नदी तांबडी व्हायची. म्हणून समुद्रात करा असं मी म्हणत नाही, पण फुकट दोन्हीकडे नाही.

धुळेकर
जमिनीवर निदान तक्रार करायला गाव असतं.

रात्रपाळी
वेगळा धागा काढा रे, हा खवल्याचा आहे :) एक विचारायचं राहिलं, एवढ्या खोल हा चिरडत कसा नाही?

मास्तर
चांगला प्रश्न. ३७०० मीटरवर नखाएवढ्या जागेवर साधारण पावणेचार क्विंटलचा दाब. म्हणजे नखावर सोयाबीनची सात-साडेसात पोती. पण चिरडतं ते ज्याच्या आत हवेची पोकळी आहे. पाणबुडीच्या आत हवा, म्हणून तिला टायटॅनियमचा गोळा लागतो. खवल्याच्या आत पाणी, बाहेर पाणी, दोन्हीकडून सारखं दाबलं जातं. वर्गात मी पाण्याने गच्च भरलेली बाटली आणि रिकामी बाटली दाबायला देतो, रिकामी चेपते, भरलेली दाबून मुलांचे हात दुखतात.

येवलेकर
मला अजून तो चमकेचा मुद्दा सोडवत नाहीये. काका रक्ताचं म्हणाले, पण रक्त चमकत नाही. कोणी न बघता चमकणारं दुसरं काही आहे का?

बंड्या_मालवणी
शिंपल्याची आतली बाजू. उघडल्याशिवाय कोणाक दिसता? आतसून मोतया रंगाची, फिरयली की गुलाबी हिरवी. उघडली की ती मेलीच.

शिंपली
बंड्याभाऊ, सोन्याचं उत्तर दिलंत, आणि माझ्या आयडीचं नाव असून मला सुचलं नाही! तेही थरच. शिंपल्याला गुळगुळीत आणि न तडकणारं अस्तर हवं असतं, चमक त्याच्या खिजगणतीत नाही.

मास्तर
आणि हळद. जमिनीखाली पिवळीधमक. कोणासाठी?

चकली९९
आत्याबाईंसाठी.

रात्रपाळी
हरलो. मनापासून हरलो. काल रात्री तीन वाजता पुन्हा क्लिप लावली आणि या वेळी रंगाकडे बघितलंच नाही, पॉज करून करून खवले मोजत बसलो. नऊ जोड्या, म्हणजे अठरा असायला हव्यात ना ताई? मला सोळाच नीट दिसले, बाकीचे दोन वाकल्यामुळे असेल. पण डावीकडच्याच्या मागच्या एका खवल्याला कडेला स्वच्छ अर्धगोल आहे, बिस्किटाचा घास घेतल्यासारखा. आणि त्या घासाच्या कडेला रंग वेगळाच आहे, आतल्या थरांचा असावा. तेवढ्यात अलार्म वाजला, पंप नंबर दोनचं प्रेशर.

शिंपली
नऊ जोड्या बरोबर. स्क्रीनशॉट टाका.

रात्रपाळी
कंपनीत मोबाईल अलाउड नाही. तो बाजूला लावून ठेवतो हे मी आधी लिहायला नको होतं बहुतेक.

खडूसकाका
पंपाचं काय झालं?